बायोडेटावरचं बी.कॉम.

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक 29 वर्षांचे आहेत आणि चाकणच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये काम करतात. 2016 साली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली, त्यात तीन विषय राहिले. त्याच उन्हाळ्यात वडील गेले. धाकट्या बहिणीचं शिक्षण आणि सोसायटीचं कर्ज अंगावर आलं, म्हणून गाव सोडून ते चाकणला आले. आधी कंत्राटावर लागले, पुढे कायम झाले. गेल्या वर्षी सुपरवायझरची जागा निघाली, ती त्यांनीच काम शिकवलेल्या एका पदवीधर मुलाला मिळाली. पाच वर्षांपूर्वी लग्न जमताना मामांनी बायोडेटा केला आणि त्यावर ‘शिक्षण : बी.कॉम.’ असं छापून आणलं. यांनी ते खोडलं नाही. पत्नीला आजही ते पदवीधरच वाटतात. पत्नी बारावी झालेली आहे. तिला पुढे शिकायचं होतं, पण मुलगी लहान म्हणून राहून गेलं. आता एका एजंटानं 45 हजारांत, परीक्षा न देता, मागच्या तारखेची पदवी देऊ केली आहे. ते विचारतात : ‘एजंटाकडून घेऊ, की कुणाला न कळू देता मुक्त विद्यापीठातून करू, की कंपनीनं ब्रेक दिला असं घरी सांगून वर्षभर नोकरी सोडू आणि एकदाचं पूर्ण करून टाकू? या जूनमध्ये मुलीला शाळेत घालायचं आहे. फॉर्मवर वडिलांचं शिक्षण असा रकाना आहे. तिथं काय लिहू?’

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मला तीन रस्ते दिसले. दुसऱ्या वेळी लक्षात आलं, की तिन्ही रस्त्यांवर तुम्ही एकच अट घातली आहे : घरी कळता कामा नये. पदवीची अडचण तुम्ही पानभर लिहिली आहे आणि ही अट दोन ओळींत उरकली आहे. मला मात्र ती अटच मोठी वाटते.

आधी एजंटाचं बोलून घेऊ, कारण त्यात तोलून बघण्यासारखं काही नाही. परीक्षा न देता आणि मागच्या तारखेनं मिळणारी पदवी म्हणजे बनावट कागद. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, आणि तो गुन्हा एजंटाच्या नव्हे, तुमच्या नावावर लागेल. कंपन्या आता कागद बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेतात. तपासणीत तो खोटा निघाला तर सुपरवायझरची जागा राहू द्या, नऊ वर्षं खपून कायम झालेली नोकरी जाईल. शिवाय खऱ्या मुक्त शिक्षणात हल्ली प्रवेश घेतानाच यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पोर्टलवर स्वतःचा डेब आयडी (दूरस्थ शिक्षणासाठीचा ओळख क्रमांक) काढावा लागतो. तो तुम्ही स्वतः, आजच्या तारखेला काढता. ‘सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त फोटो आणि आधार द्या’ असं कुणी म्हणालं, की तिथून उठून यायचं. हे तुम्हाला सांगतेच आहे, पण चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, जिथं जिथं एमआयडीसी आहे तिथल्या प्रत्येकासाठीही लिहिते आहे. हे एजंट मोठ्या कॉलेजच्या दारात फिरत नाहीत. पगाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर भेटतात.

वर्षभर नोकरी सोडण्याचा विचारही मनातून काढून टाका. तुमच्या घरी दुसरा पगार नाही, बहिणीचं लग्न अजून व्हायचं आहे. आणि रिकामं वर्ष मिळालं की अभ्यास होतो, हा समज मी वीस वर्षांत अनेकदा मोडताना पाहिला आहे. मी एका अभ्यासकेंद्रावर रविवारचे तास घेत आले. नोकरी सोडून आलेल्यांचे पहिले दोन महिने बरे जात, मग पैशाची काळजी सुरू होई, आणि काळजीनं भरलेल्या डोक्यात अकाउंटन्सीचं एक पानही शिरत नसे. शिफ्ट करून येणारी मुलं पेंगत असायची, तरी शेवटच्या वर्षापर्यंत तीच टिकायची.

तुम्ही लिहिलंय, ‘29 व्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणजे नऊ वर्षं वाया गेली.’ वाया कशी गेली? त्या नऊ वर्षांत बहीण शिकली, सोसायटीचं कर्ज फिटलं, हे तुम्हीच लिहिलं आहे. कॉलेज तुम्ही आळसानं सोडलं नव्हतं. वडिलांच्या जागी उभं राहायचं होतं, म्हणून सोडलं. आपल्याकडं कामावर जाऊन शिकणाऱ्यांची परंपरा तुमच्या-माझ्यापेक्षा फार जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. दिवसभर राबणारा माणूस शिकू शकतो यावर त्यांचा विश्वास होता. तुमचाही असायला हरकत नाही.

आता एक प्रश्न, जो फी भरण्याआधी विचारायला हवा. ती जागा तुमच्या हातून खरंच पदवीमुळं गेली का? तसं असेल तर कोणती पदवी हवी होती? मला असे लोक भेटले आहेत, ज्यांनी तीन वर्षं खपून बी.ए. केलं आणि नंतर कळलं, की त्या विभागात इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो. तुम्ही स्टोअरमध्ये आहात. जीआरएन म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदी, स्टॉक, बिलं, पर्चेसशी रोजचा संबंध, म्हणजे बी.कॉम. तुमच्या कामाला लागून आहे. प्रॉडक्शनकडं जायचं असेल तर तसं नाही. एचआरकडं जाऊन, शक्य तर मेलवर, दोनच गोष्टी विचारा : माझ्या विभागातल्या पुढच्या जागेला कोणती पात्रता लागते, आणि मुक्त विद्यापीठाची पदवी धरता का. यूजीसीनं 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे, की मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या धराव्यात. सरकारी भरतीत आणि एमपीएससीलाही त्या चालतात. तरी खासगी कंपनीचं उत्तर कंपनीकडूनच घ्यावं. त्यातून आणखी एक होईल : तुम्हाला पुढं जायचं आहे हे त्यांच्या कानावर पडेल. नऊ वर्षांत तुम्ही ते कधी बोलून दाखवलंय का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

मग राहतात दोन खरे रस्ते. एक, जुन्याच विद्यापीठात राहिलेले तीन विषय सोडवून तिसरं वर्ष करायचं. ऐकायला हे सोपं वाटतं, कारण दोन वर्षं हातात आहेत. पण 2016 नंतर अभ्यासक्रमाचे पॅटर्न बदलले आहेत, आणि जुन्या पॅटर्नचे विषय किती वर्षांपर्यंत देता येतात याला प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा असते. कधीकधी जुन्या विद्यार्थ्यांना खास संधीही दिली जाते. हे फोनवर कळत नाही. एक दिवस सुट्टी टाका, पीआरएन नंबर (विद्यापीठानं दिलेला कायम नोंदणी क्रमांक) आणि दोन्ही वर्षांच्या मार्कलिस्ट घेऊन परीक्षा विभागात जा आणि माझे विषय आजच्या कोणत्या विषयांना समकक्ष धरता, हे विचारा. मात्र तिसरं वर्ष नियमित कॉलेजातच करावं लागणार असेल तर हजेरी आलीच, आणि फिरत्या शिफ्टमध्ये ती जमणार नाही.

दुसरा रस्ता मुक्त विद्यापीठाचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून तुमच्यासारख्यांसाठीच आहे. बी.कॉम. मराठीतून करता येतं, अभ्यासकेंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, पुण्यात विभागीय केंद्र आहे. इंग्रजी किंवा हिंदीतून चालणार असेल तर इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठही आहे. तिथं प्रवेश वर्षातून दोनदा, जुलै आणि जानेवारीच्या सत्रांना होतात आणि परीक्षा जून व डिसेंबरमध्ये. आधीची दोन वर्षं किंवा त्यातले काही विषय धरले जातात का, हे दोन्हीकडं लेखी विचारा. नाही धरले तर पहिल्या वर्षापासून करायची तयारी ठेवा. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या मान्यतेच्या यादीत संस्थेचं नाव आणि अभ्यासक्रमाचं नाव, दोन्ही स्वतः पाहा. नुसतं संस्थेचं नाव असून भागत नाही.

तुम्ही विचाराल, यातला कोणता? जुन्या विद्यापीठानं तीन विषय आणि एक वर्ष एवढ्यावर, हजेरीविना सोडवलं, तर तो. नाहीतर मुक्त विद्यापीठ. माझा अंदाज दुसऱ्याकडं झुकतो.

आता वेळेचं. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास धरतात. वर्षाला 40 श्रेयांक म्हटले, की 1200 तास, म्हणजे आठवड्याला तेवीस तास. शिफ्ट, ओव्हरटाइम, कंपनीच्या बसचा प्रवास आणि चार वर्षांची मुलगी, यांतून तेवीस तास निघत नाहीत. कॉमर्सची तुमची ओळख आहे, म्हणून थोडं कमी लागेल, पण मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. इथं उपयोगी पडते ती सवलत, जिच्याकडं बहुतेकजण बघतच नाहीत : पदवी तीनच वर्षांत संपवायची सक्ती नसते. इग्नूच्या तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत असते. प्रवेश घेताना आपल्या अभ्यासक्रमाची जास्तीत जास्त मुदत किती, हे विचारून घ्या आणि पहिल्या परीक्षेला सगळे पेपर न देता निम्मेच द्या. पहिल्या फेरीत सगळे पेपर भरून चार नापास झालेला माणूस दुसऱ्या फेरीला येत नाही. तीन भरून तीन पास झालेला येतो. हे मी हजेरीच्या वहीवरून सांगते आहे.

शिफ्टचं म्हणाल तर फर्स्ट शिफ्टचा आठवडा हा तुमचा अभ्यासाचा आठवडा. दुपारी घरी आल्यावर तासभर झोपायचं आणि मग पाच ते सात बसायचं. सेकंडच्या आठवड्यात सकाळचा दीड तास. नाइटच्या आठवड्यात अभ्यास करूच नका. बसमध्ये मोबाइलवर धडा वाचलात तर वाचलात, नाहीतर झोपा. नाइट करून अभ्यासाला बसणारे आजारी पडतात आणि मशिनवर चुका करतात.

आणि लिहिण्याची सवय. ही गोष्ट कुणी सांगत नाही. तुम्ही नऊ वर्षं बोटांनी मोबाइलवर आणि कंप्युटरवर काम केलंय. तीन तासांचा पेपर हातानं लिहायचा असतो. माझ्या केंद्रावर एक गृहस्थ होते, प्रेस शॉपमध्ये कामाला. पहिल्या पेपरला तासाभरानं त्यांनी पेन खाली ठेवलं. उत्तरं येत होती, पण अंगठ्याच्या मुळाशी एवढा गोळा आला होता, की बोटं मिटेनात. डाव्या हातानं उजवा हात दाबत ते पाच मिनिटं बसून राहिले. नखांच्या कडेला ऑइलची काळी रेघ आणि समोर अर्धी कोरी उत्तरपत्रिका. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगते : परीक्षेच्या दोन महिने आधीपासून रोज दोन पानं हातानं लिहायची. गृहपाठाची उत्तरं स्वतःच्या हातानं लिहिलीत तर सरावही होतो आणि त्याचे गुणही मिळतात. झेरॉक्सच्या दुकानात गृहपाठाची तयार उत्तरं मिळतात. ती उतरवून काढणाऱ्याला परीक्षेत काही आठवत नाही.

आता तुमच्या अटीकडं येते.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पाच ते सात तुम्ही कुठं बसणार? दोन खोल्यांच्या घरात पुस्तकं कुठं ठेवणार? पोस्टानं आलेलं पार्सल कोण घेणार? रविवारी अभ्यासकेंद्रावर जाताना दर वेळी ओव्हरटाइम सांगणार का, आणि त्या ओव्हरटाइमचे पैसे पगारात दिसले नाहीत की काय सांगणार? परीक्षेचं वेळापत्रक आलं, की कुणाशी तरी शिफ्ट बदलून घ्यावी लागेल, म्हणजे स्टोअरमध्येही कुणाला तरी सांगावं लागेल. नोकरी करून शिकणाऱ्याला अभ्यासापेक्षाही जास्त गरज असते ती घरातल्या माणसांनी दिलेल्या दोन तासांची. ते दोन तास मागितल्याशिवाय मिळत नाहीत आणि लपवून मागता येत नाहीत. तुम्ही हुशार नाही म्हणून किंवा वय झालं म्हणून पदवी अडणार नाही. अडली तर या लपवालपवीत अडेल.

बायोडेटावर बी.कॉम. मामांनी छापलं, हे खरं. पण पाच वर्षं ते तसंच राहिलं, ते तुमच्यामुळं. पत्नीला सांगताना मामांना मध्ये आणू नका. मुलगी झोपल्यावर, सुट्टीच्या दिवशी, दोघंच असताना सांगा, आणि सरळ सांगा : माझं बी.कॉम. पूर्ण नाही, दुसऱ्या वर्षाचे तीन विषय राहिले, मी हे लग्नाआधी सांगायला हवं होतं. पुढचा बेत, मुक्त विद्यापीठ, सुपरवायझरची जागा, यातलं काहीही त्याच दमात सांगू नका. बेत जोडला, की कबुली देऊन माफी मागण्याऐवजी तुम्ही तिच्याकडून शाबासकी मागितल्यासारखं होतं. तिला राग येईल. कदाचित ती चार दिवस बोलणार नाही, कदाचित माहेरी सांगेल. तो तिचा हक्क आहे. तिनं होकार दिला तेव्हा तो शब्द कागदावर होता. रागावली तर ‘पण मी तुला काय कमी केलं?’ असं म्हणू नका. ऐकून घ्या.

मला असंही वाटतं, की तुम्ही तिला जरा कमी ओळखता. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे : ‘तिलाही शिकायचं होतं, पण राहून गेलं.’ स्वतःच्या राहिलेल्या शिक्षणाबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत. राहून जाणं म्हणजे काय, हे त्या घरात तुमच्याइतकंच तिलाही माहीत आहे. बारावीनंतर मुक्त विद्यापीठाचा दरवाजा तिलाही उघडाच आहे. राग निवळल्यावर, अगदी सावकाश, तिला काय हवंय ते विचारा. हो म्हणाली तर तिचे दोन तास कोण देणार, हेही ठरवावं लागेल. तेव्हा मुलीला तुम्ही सांभाळा आणि संध्याकाळची भाकरीही तुम्हीच टाका.

केंद्रावर एक जोडपं असं होतं. ती आत तासाला बसायची, तो बाळ घेऊन कडुनिंबाच्या पारावर. पुढच्या तासाला तो आत आणि ती बाहेर. बाळाची टोपडी जायची-यायची त्याच्याबरोबर नोट्सही जायच्या-यायच्या. वर्गात बसायला लाज वाटेल असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सांगते. त्या वर्गात तुम्हाला पोलीस शिपाई भेटतील, अंगणवाडी सेविका भेटतील, दुकानातले सेल्समन, पन्नाशीच्या बायका, सैन्यातून निवृत्त होऊन आलेले भेटतील. 29 वर्षांचे म्हणजे तुम्ही त्यांच्यात लहानच.

कागद आतापासून गोळा करा. दहावी-बारावीची मार्कलिस्ट आणि प्रमाणपत्र, कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, दोन्ही वर्षांच्या मार्कलिस्ट. त्या गावच्या पेटीत असतील तर पुढच्या फेरीत घेऊन या. सगळ्यांवरचं नाव नीट ताडून पाहा. मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठं स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, यावरून फॉर्म अडतात. डेब आयडीला एबीसी आयडी (श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक) लागतो आणि तो डिजिलॉकरवर आधारवरून निघतो, म्हणून आधारवरचं नाव आणि मोबाइल नंबर आधी दुरुस्त करून घ्या. या कामाला कधीकधी महिना जातो, तेव्हा प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

राहिला मुलीच्या शाळेचा फॉर्म. तिथं ‘बारावी उत्तीर्ण’ असं लिहा. तो फॉर्म तुमची पत्नीही वाचेल, बहुधा सहीही करेल, म्हणून तिच्याशी बोलणं जूनच्या आधी व्हायला हवं. मे महिन्यात तुम्हाला शटडाउनची सुट्टी असते, असं तुम्हीच लिहिलं आहे. त्या सुट्टीतली एक दुपार त्यासाठी राखून ठेवा.